भुऱ्याचे तीन खड्डे

नाशिकहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घर बैठं, पुढे-मागे मिळून दीडेक गुंठा बाग. पुढे अठरा गुलाब आणि मोगरा, बाजूला शेवंतीचा वाफा, मागे अळू आणि भिंतीलगत कंपोस्टचा खड्डा. मुलाने रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा भुऱ्या आता अडीच वर्षांचा आहे. मुलगा गेल्या ऑक्टोबरात शिकायला जर्मनीला गेला आणि त्याच महिन्यापासून भुऱ्याने बाग उकरायला सुरुवात केली. 'गुलाबांना शेणखत-बोनमील घातलं की दुसऱ्या दिवशी मुळं वर. शेवंतीला पाणी घातलं की भर दुपारी मुद्दाम तिथेच खड्डा करून बसतो. रात्री मागच्या भिंतीपाशी उकरतो आणि भुंकून झोपमोड करतो. रागावलं की कान पाडून अपराध्यासारखा बघतो, म्हणजे त्याला सगळं कळतं. मुलाचा राग माझ्यावर काढतोय.' यजमान साखळीने बांधा म्हणतात, शेजारीण मिरचीपूड टाका म्हणते, आणि दिरांनी सिन्नरजवळच्या शेतावर पाठवून द्यायचा पर्याय सुचवला आहे. मुलाला काळजी नको म्हणून यातलं काही कळवलेलं नाही. 'बाग ठेवू की कुत्रा?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा गुलाबांचं वाईट वाटलं. अठरा झाडं हाताने जोपासली की त्यातलं एक मेलं तरी चार दिवस अन्न गोड लागत नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही नकळत फार काटेकोर नोंदी करून ठेवल्या आहेत. कुठे, कधी, कशानंतर, सगळं लिहिलंय. शिक्षिकेचा हात जात नाही. तिसऱ्यांदा मात्र मला हसू आलं. रागावू नका, का ते सांगते.

तुम्ही म्हणता, तो बाग उकरतो. पण तुमच्याच नोंदींत बाग उकरलेली कुठे दिसत नाही. दिसतात ते तीन खड्डे, तीन वेगवेगळ्या वेळांचे. मोगऱ्याला त्याने हात लावलेला नाही. अळूत गेलेला नाही. मुलाचा राग तुमच्यावर काढायचाच असता, तर तुमचा जीव असलेला मोगरा त्याने का सोडला असता?

आधी गुलाब. पाऊस सरला की आपल्याकडे गुलाबाची छाटणी होते, बुंध्याभोवतीची आळी मोकळी करून खत भरलं जातं. म्हणजे ऑक्टोबर. तुम्ही शेणखतात बोनमील मिसळता, आणि बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. आता तोच प्रसंग भुऱ्याच्या जागी बसून पाहा. बाई सकाळी खुरपं घेऊन येतात. जमीन उकरतात. त्यात हाडं पुरतात. वरून माती सारखी करतात आणि हात धुवायला आत निघून जातात. तो शेजारीच बसून सगळं बघतोय. हाडं पुरून ठेवायची ही रीत त्याच्या कुळात किती पिढ्यांची! त्याला एवढंच वाटणार की बाईंनी आपल्यासाठी खाऊ ठेवलाय, नाहीतर आपल्यापासून लपवून ठेवलाय. काही का असेना, उकरणं आलंच.

मुलगा गेला तो ऑक्टोबर आणि छाटणी झाली तोही ऑक्टोबर. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, आणि जी मनाला जास्त लागली होती तिच्या माथी तुम्ही खड्डे मारलेत. आईने असं करणं साहजिक आहे. फक्त त्यात भुऱ्यावर सुडाचा आरोप आला, आणि तो बिनबुडाचा आहे.

तेव्हा बोनमील बंद. चांगलं कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत यावर गुलाब मजेत राहतात. बोनमीलची उरलेली पिशवी मात्र आजच उंचावर ठेवा, कारण कुत्र्याने ते भरपूर खाल्लं तर पोटात त्याचा सिमेंटसारखा गोळा होऊ शकतो. आणि याहून मोठी एक गोष्ट, बाग आणि कुत्रं दोन्ही असलेल्या प्रत्येक वाचकासाठी: एरंडीची पेंड कुत्रं असलेल्या घरात आणू नका. एरंडेल काढून उरलेल्या या पेंडीत रायसिन नावाचं जहाल विष राहू शकतं, कुत्र्यांना ती आवडीची लागते, आणि थोडी खाल्ली तरी जीव जाऊ शकतो. रोपवाटिकेत ती निंबोळी पेंडीच्या शेजारीच ठेवलेली असते, कधी 'मिश्र पेंड' म्हणून एकाच पिशवीतही येते. पिशवीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचंही तेच. पावसाळा तोंडावर आहे म्हणून आत्ताच सांगते.

आता शेवंती. 'पाणी घातल्यावर मुद्दाम तिथेच.' अगदी बरोबर, मुद्दामच! पारा चाळिशीला टेकलाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना येतो तेवढाच. बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. अशा दुपारी तुम्ही त्याच्यासमोर भुसभुशीत मातीचा वाफा ओला करता. वरची तापलेली माती बाजूला केली की खाली थंडावा असतो, त्यात विरळ केसांचं पोट टेकून पडलं की जीव थंड होतो. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात खळगे करून झोपलेली कुत्री तुम्ही हजारदा पाहिली असतील. त्यांच्यावर आपण चिडत नाही, कारण वाळू आपली नसते.

त्याला त्याहून थंड जागा दिलीत तर शेवंतीशी त्याचं काही वैर नाही. झाडाच्या सावलीत जमिनीपासून वीतभर उंच बाज किंवा खाट टाका, खालून वारा खेळला पाहिजे. शेजारी ओलं गोणपाट पसरा आणि पाण्याचं घमेलं ठेवा. सकाळी भरलेलं दुपारी गरम होतं, ते बदला. वाफ्याला पाणी संध्याकाळी उशिरा घाला. बाष्पीभवन कमी होतं, म्हणजे झाडालाही तेच बरं. शिवाय शेवंतीची नवी लावण जून-जुलैत होते. आत्ता वाफ्यात जुने ठोंबच असणार. त्यातले चार चांगले कुंडीत काढून ठेवलेत तर या उन्हाळ्यात त्या वाफ्याचं काही झालं तरी तुमचं नुकसान होणार नाही.

तिसरा खड्डा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकलाय. रात्री, कंपोस्टच्या खड्ड्याजवळ, भुंकत भुंकत. ताई, तिथे घूस आहे. पैज लावायला मी तयार आहे. उजाडल्यावर जाऊन भिंतीच्या पायाशी बघा: चांगलं मूठभर रुंद भोक, आणि तोंडाशी ताज्या भुरभुरीत मातीचा ढीग. हा ढीग घुशीचा. भुऱ्याचा खड्डा त्याच्या शेजारी असेल, माती मागे लांबवर उडवलेली. कंपोस्टमध्ये शिळी पोळी, भात टाकत असाल तर घुशीला घरपोच जेवण मिळतंय. ते थांबवा, खड्ड्याला चारी बाजूंनी आणि तळाला बारीक जाळी बसवा, बिळं बुजवून पिंजरा लावा. विष घालू नका. ब्रोमाडिओलोनच्या वड्या असोत की झिंक फॉस्फाइड, विष खाऊन मरायला टेकलेली घूस सगळ्यात आधी कोणाच्या तोंडात सापडणार? ब्रोमाडिओलोनचा परिणाम काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने दिसतो, तोवर कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि डॉक्टरांना विचारून घ्या की वर्षाला देतात त्या एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिसचा भाग आहे ना. तो आजार उंदीर-घुशींच्या मुतातून पसरतो, आणि कुत्र्यांपुरता राहत नाही.

तर तुमच्या घराचा पाया पोखरणाऱ्या प्राण्यावर जो रात्रपाळी करतोय, त्याच्यावर आपण बाग उकरल्याचा आरोप ठेवून बसलो आहोत.

'अपराध्यासारखा बघतो, म्हणजे कळतं', हे तुमचं वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत या ना त्या रूपात असतं. म्हणून थोडं थांबते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कमधल्या संशोधक बाईंनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्री होती. मालकाने 'खाऊ नकोस' असं बजावून खोलीबाहेर जायचं आणि परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं, किंवा नाही खाल्लं. हे सांगणं कधी खरं असे, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट आत घेणं हे सगळं मालक रागावला की दिसे. कुत्र्याने खरोखर खाल्लं होतं की नाही, याने फरक पडत नव्हता. उलट काहीही न केलेली कुत्री बोलणी खाताना जास्त ओशाळवाणी दिसली. म्हणजे भुऱ्या तुमच्या चेहऱ्याकडे आणि आवाजाकडे बघून 'आता पुरे' म्हणतोय. सकाळच्या खड्ड्यासाठी दुपारी रागावलात तर तो एवढंच शिकतो की बाई कधीकधी उगाच भडकतात. वर्गात मागच्या बाकावरच्या किती मुलांचा असा चेहरा तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या काहींनी खरंच काही केलेलं नसायचं.

आता मुलाकडे येते, कारण तो या गोष्टीत आहे. फक्त तुम्हाला वाटतं तसा नाही. तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो रोज संध्याकाळी भुऱ्याला पांडवलेणीच्या बाजूला तासभर हिंडवून आणायचा, आणि तुमचे गुडघे धरल्यापासून भुऱ्याचं फिरणं म्हणजे फाटकापर्यंत आणि परत. अडीच वर्षांचा तगडा गावठी कुत्रा. दिवसभराचा तासभर पळण्याचा, हुंगण्याचा, दुसऱ्या कुत्र्यांशी हुज्जत घालण्याचा कार्यक्रम एके दिवशी बंद झाला. त्या ताकदीचं त्याने काय करायचं? वर सांगितलेली कारणं नसती तरी त्याने काहीतरी उद्योग काढलाच असता, चपला तरी फाडल्या असत्या. त्याला मुलाची आठवण येत असेलच, नाही कशाला म्हणू. पण आठवणीवर तुमच्या-माझ्याकडे औषध नाही आणि फिरण्याचा प्रश्न पैशाने सुटतो. गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या, कुत्र्यांचं वेड असलेल्या मुलाला धरा. सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता थंड झाल्यावर, अर्धा अर्धा तास. ओढत पळवायला नको, हुंगू द्यायला सांगा. दहा मिनिटं मनसोक्त हुंगून कुत्रं जेवढं दमतं तेवढं नुसत्या चालण्याने दमत नाही. घरी एक वेळचं खाणं भांड्यात न देता अंगणात किंवा गोणपाटाच्या घड्यांत विखरून टाका आणि शोधू दे. एवढ्याला तुमचे गुडघे लागत नाहीत.

राहिले तीन सल्ले, जे तुम्हाला मिळालेत.

मिरचीपूड नको. ज्या नाकावर त्याचं सगळं जग चालतं त्यात तिखट घालायचं, मग पंजाने नाक चोळताना ते डोळ्यांत जायचं. आणि वारा फिरला की खुरपणी करताना तुमच्याही. डांबराच्या गोळ्या तर विषारीच. कुणी बोरीच्या काट्या पसरायला सांगेल, त्या पंजात मोडतात. खड्ड्यात त्याचीच विष्ठा टाकून बुजवायचा एक इलाज सांगतात. काही कुत्री त्याने ती जागा सोडतात खरी, पण गुलाबाला खुरपं लावणार तुम्ही आहात, एवढं ध्यानात ठेवा.

साखळी. पाहुणे आले, फाटक उघडं राहणार आहे, अशा वेळी तास-दीड तास बांधायला हरकत नाही. पण दिवसभर बांधून ठेवणं म्हणजे उकरण्याचं कारण वाढवून उकरण्याची सोय काढून घेणं. पुढे तो भुंकेल, अंगावर येईल, मग तेही त्याचा स्वभाव म्हणून खपवलं जाईल. यजमानांना कायद्याची भाषा कळत असेल तर सांगा, प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि त्याच्या ११व्या कलमात, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हे क्रौर्य म्हणून मोजलं आहे.

शेत. हा पर्याय मी लगेच उडवून लावणार नाही. मोकळी जागा, माणसांची जाग, दिरांचं कुत्र्यांवर प्रेम असेल तर काही कुत्री शेतावर सुखात राहतात. पण 'शेतावर पाठवलं' या शब्दांत आपण बरंच काही झाकतो. रात्री तो कुठे झोपणार? सिन्नर-निफाडकडच्या उसात बिबटे आहेत हे तुम्हाला नाशिककरांना मी सांगायला नको. सिन्नरला लागूनच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात पाळीव जनावरांत सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. घरात वाढलेला, उसाच्या कडेला काय बसलंय हे न शिकलेला भुऱ्या तिथे पहिल्या रात्री काय करेल? बंद गोठा किंवा खोली असेल, कुणी रोज आत घेणार असेल, लसी चालू राहणार असतील, तरच विचार करा. आणि तोही तीन महिन्यांनी. आधी इथले उपाय करून बघा.

ते उपाय करताना त्याला एक हक्काचा खड्डा द्या. मागच्या बाजूला, सावलीत, चार फूट लांब, तीन रुंद, दीड खोल. माती आणि वाळू निम्मी निम्मी. पाव ब्रासपेक्षा कमीच माल लागतो, कुठे बांधकाम चालू असेल तर वाळू तिथून मागून आणा. कडेला जांभ्याचे किंवा साधे विटांचे थर लावले की जागा वेगळी दिसते. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. मग ज्या खुरप्याने त्याला बिघडवलंत त्याच खुरप्याने शिकवा. त्याच्या डोळ्यांदेखत त्या खड्ड्यात काहीतरी पुरा: उकडलेल्या रताळ्याची फोड, वाळकी भाकरी, त्याचा चेंडू. पहिले दोन दिवस अर्धं वर दिसू द्या, मग खोल. उकरलं की शाबासकी. दुसरीकडे उकरताना दिसला तर ओरडत धावू नका, त्याला तो खेळ वाटतो; नेहमीच्या आवाजात हाक मारून या खड्ड्याशी न्या. शिजवलेली हाडं मात्र पुरू नका, त्यांच्या कपच्या आतड्यात घुसतात. माझ्या ठमी कुत्रीसाठी असा खड्डा केला तेव्हा पहिला आठवडा ती त्यात नुसती झोपली आणि रात्री शेजारचं मांजर येऊन शी करून जायचं. आम्ही वर फळी टाकायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात चेंडू पुरला आणि माझा हळदीचा वाफा सुटला.

गुलाबांना काही महिने राखण लागेलच, कारण बोनमीलचा वास मातीतून चटकन जात नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणा, आळ्याच्या मापाने कापून दोन इंच मातीखाली आडवी पसरा, कडा खाली वळवा म्हणजे पंजाला लागणार नाहीत. वर दोन-तीन मोठे गोटे. पाणी जातं, मुळं वाढतात, पंजा अडकतो आणि तो कंटाळून उठतो. पुढच्या छाटणीला भुऱ्याला घरात ठेवून आळी भरा. समोर उकरून दाखवायचं आणि मग उकरू नको म्हणायचं, हे त्याला कसं पटावं?

ज्यांच्याकडे कारणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. फक्त फाटकाखाली किंवा कुंपणाखाली उकरत असेल तर त्याला बाहेर पडायचंय. आसपास माजावर आलेली कुत्री आहे का, फटाके वाजताहेत का ते बघा, आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. फक्त घरात कुणी नसतानाच, दाराशी, ओरबाडल्यासारखं उकरत असेल तर ती एकटेपणाची भीती आहे. तिथे जाळ्या-गोटे कामाचे नाहीत. माज होऊन दोनेक महिने झालेली कुत्री कोपऱ्यात खळगा करून खेळणी गोळा करू लागली तर ती खोटी गर्भावस्था असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांनी हौसेने डॅक्सहुंड आणलाय त्यांनी त्या नावाचा अर्थ बघावा. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा प्राणी. त्याच्या मागे बिळात शिरण्यासाठी म्हणूनच ते आखूड पाय घडवले गेलेत.

ताई, शेवटी मुलाचं. त्याला कळवलं नाही हे मला पटलेलं नाही. कुत्रा त्याने आणला, त्याचा आहे. तुम्ही बाग की कुत्रा ठरवत बसला आहात, एकट्या, आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो व्हिडिओ कॉलवर 'भुऱ्या कसा आहे' विचारतो आणि तुम्ही 'छान' म्हणता. त्याला खड्ड्यांचे फोटो पाठवा. शेतावर पाठवायचा विषयही सांगा, ते त्याला मागाहून दिरांच्या तोंडून कळायला नको. फिरवणाऱ्या पोराला महिन्याला काय द्यायचं ते त्यालाच ठरवू द्या आणि त्यानेच द्यावेत. शिकतोय, नोकरी लागली की देतो म्हणेल. तोवर तुमच्या पेन्शनमधून द्या आणि वहीत मांडून ठेवा.